पहिलं माप देवाचं

वीणाला कुणी लेखिका म्हटलं की ती घाईघाईनं दुरुस्ती करायची. ती अनुवादक होती, आणि तीसुद्धा वॉशिंग मशीनची. गेली सोळा वर्षं जर्मनीत, कार्ल्सरूहेतल्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून तिनं जर्मन यंत्रांची माहितीपत्रकं हिंदी-मराठीत आणली होती. ‘यंत्र चालू असताना झाकण उघडू नये’ हे वाक्य तिनं इतक्या वेळा लिहिलं होतं की तिचा नवरा हृषिकेश म्हणायचा, हे आपल्या दारावरच्या पाटीवरच लिहू या. थट्टा सोडा, पण एवढ्या वर्षांत तिनं एक इशारा गाळला नव्हता की एक स्क्रू इकडचा तिकडे केला नव्हता. म्हणून तर पुढे जे घडलं ते तिच्या हातून घडायला नको होतं.

त्या वर्षी पुण्याच्या मालिनीताईंनी, म्हणजे एका छोट्या प्रकाशनाच्या मालकीणबाईंनी, तिला एक जर्मन कादंबरी मराठीत करायला दिली. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तशी ती लगेच हो म्हणाली. कादंबरी रेगेन्सबर्गला राहणाऱ्या गुड्रुन होशिनो नावाच्या बाईंची होती. त्यांची आई जपानी. आईच्या लहानपणावरूनच त्यांनी ती लिहिली होती. मलायातल्या एका गावात फोटो स्टुडिओ चालवणारं जपानी कुटुंब. लढाई सुरू होते आणि एका सकाळी पोलीस सगळ्यांना उचलतात. शत्रूदेशाची माणसं म्हणून बोटीनं, मग आगगाडीनं थेट हिंदुस्थानात, राजपुतान्यातल्या एका रेताड माळावरच्या कॅम्पात. तारेचं कुंपण, पत्र्याच्या बराकी आणि चार वर्षं. गोष्ट सांगते ती धाकटी मुलगी, मित्सु. तिची थोरली बहीण सायो, वय वर्षं सहा.

वीणाचीही एक मुलगी सहा वर्षांची होती. कुहू. उशिरा, बऱ्याच दवाखान्यांचे उंबरे झिजवल्यावर झालेली एकुलती एक. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. सप्टेंबरात वीणाचे वडील सुधीर बार्शीहून तीन महिन्यांसाठी आले, तेव्हापासून नात आणि आजोबा या दोन भाषांत तासन्‌तास गप्पा मारायचे आणि दोघांचंही काही अडायचं नाही. आजोबा ब्याऐंशीचे. पाठ अजून ताठ, पण तोंडात कवळी, आणि जिना चढताना कठडा लागायचा.

ऑक्टोबरमध्ये खिडकीबाहेरच्या चेस्टनटची पानं गळायला लागली, घरातलं हीटिंग टिकटिक करत तापायला लागलं, आणि वीणा अकराव्या प्रकरणाशी आली.

कॅम्पातली पहिली सकाळ. थंडीत सगळ्यांना रांगेत उभं केलंय, मुलं पुढे. काळी टोपी घातलेला एक हिंदी कारकून मोजायला येतो. हातात कागद नाही. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत तो मोजतो. त्याच्यामागे दुसरा एक जण लिहून घेतो. रांगेत सर्वांत पुढे सायो. कारकून तिच्या डोक्यावर अलगद तळवा ठेवतो, आकडा नसलेलं काहीतरी पुटपुटतो आणि एक, दोन, तीन म्हणत पुढच्या मुलापासून मोजायला लागतो. आकडा भरतो चारशे बारा. साहेब सही करतो. सायोला नंबर मिळत नाही. नंबर नाही म्हणून घोंगडी नाही, आणि घोंगडी नाही म्हणून जेवणाचा बिल्ला नाही. दुसऱ्या दिवशी कारकुनाला आपली चूक कळते. ते मित्सुला त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. पण कागदावर साहेबाची सही झालेली असते. म्हणून तो चार वर्षं रोज सकाळी तसंच मोजतो, आणि हिशेब जुळावा म्हणून सायोला रोज सगळ्यांत पुढे उभं करतो.

वीणा वाचता वाचता थांबली. तिचा स्वतःचा अंगठा करंगळीच्या पेरावर होता.

तिचं माहेरचं घराणं मापाऱ्यांचं. बार्शीच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या धान्य मोजणारे. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची रीत सगळीकडेच आहे, पण इतरत्र ते माप मोजणीत धरतात. त्यांच्या घराण्यात धरत नसत. पहिलं माप देवाचं म्हणून बाजूला काढायचं, गिनती पुढच्यापासून. वीणा अजून कुकरला तांदूळ लावताना पहिली वाटी हातानं चाचपून ‘लाभ’ म्हणायची. आणि तिचे आजोबा पंढरीनाथ, म्हणजे घरातले अण्णा, लढाईच्या काळात कुठल्याशा कॅम्पात कारकून होते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढे कुणी कधी विचारलं नव्हतं.

तिनं ते प्रकरण बाबांना वाचायला दिलं. सुधीरनी सावकाश वाचलं, चष्मा काढला आणि तो पुसत बसले.

"नाव नाही दिलेलं," ते म्हणाले.

"नाही. त्या बाईंना माहीतच नसेल."

"मग काढून टाक."

"काय काढू?"

"ती मुलगी. कादंबरीच आहे ना? एक पात्र कमी झालं तर कोण विचारतंय? बार्शीत अण्णांच्या नावानं वाचनालय आहे, वीणा. तिथंच हे पुस्तक पहिलं पोचेल. आणि मोजायची ती तऱ्हा गावात कोण ओळखणार नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, बाबा?"

ते फक्त तिच्याकडे बघत राहिले, आणि वीणाला पहिल्यांदाच त्यांचं वय दिसलं. तिथंच ती फसली. बापाची मान खाली जाताना बघवत नाही कुणाला.

चार दिवस लागले. सायो पुस्तकात एकंदर चौदा ठिकाणी होती. वीणानं ती एकेका ठिकाणाहून उचलली, वाक्यांची तोंडं जुळवली, मित्सुला एकुलती एक केली. काम इतकं सफाईनं झालं की तिची तिलाच लाज वाटली. शुक्रवारी दुपारी तिनं फाइल मालिनीताईंना पाठवून दिली आणि कुहूला आणायला गेली.

पुढच्या बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास कुहूच्या किटामधून, म्हणजे बालवाडीतून, फोन आला. तिथल्या शिक्षिका फ्राऊ लिंडनरचा आवाज कापत होता. मुलांना श्लॉसगार्टन बागेत नेलं होतं. सगळी परत आली, कुहू तिथंच राहिली. कुत्रा फिरवायला आलेल्या एका आजीबाईंना ती सापडली. रडत नव्हती, शोधत नव्हती. ज्या लोखंडी कठड्याशी मुलांची रांग लावली होती तिथं, हात सरळ खाली सोडून, ती एकटी उभी होती.

वीणा धावतच पोचली. कुहूचे हात बर्फासारखे गार पडले होते.

"मी मोजलं हो," फ्राऊ लिंडनर पुन्हा पुन्हा सांगत होती. वीस वर्षं या कामात असलेली, जबाबदार बाई. "निघताना सतरा, बागेत सतरा, परतल्यावर सतरा. गेनाऊ, बरोब्बर सतरा."

"पण गटात अठरा मुलं आहेत."

"हो," ती म्हणाली आणि भिंतीवरच्या यादीकडे गेली. आडनावांप्रमाणे लावलेली यादी. सर्वांत वर ‘अभ्यंकर, कुहू’. तिनं पेन्सिल पहिल्या नावावर टेकवली, क्षणभर तिथंच ठेवली आणि दुसऱ्या नावापासून मोजायला सुरुवात केली. सतरा. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा सतरा. वीणानं कुहूला उचलून घेतलं आणि तडक घरी आली.

चुका होतात, हृषिकेश म्हणाला. तो सॉफ्टवेअरमधला माणूस. चूक म्हणजे त्याच्या लेखी दुरुस्त व्हायची वस्तू. शनिवारी मन रमावं म्हणून चौघं पिझ्झा खायला गेली. वेटरनं तीन ताटल्या आणल्या. चौथी मागितली, तर माफी मागून तो आत गेला तो परतलाच नाही. सोमवारी डॉक्टरांकडे कुहूची शाळेआधीची तपासणी होती. मायलेकी दीड तास बसल्या. एकेक नाव पुकारलं जात होतं. शेवटी काउंटरवरची मुलगी दिवे घालवायला लागली आणि वीणाला म्हणाली, "तुम्ही कुणाची वाट बघताय?" कुहू वीणाच्या मांडीवर बसलेली होती.

कुहूहून महिन्यानं लहान असलेल्या शेजारच्या अन्वीला शाळेचं पत्र आलं. कुहूला आलं नाही.

आणि कुहू बदलली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती दाराशी जाऊन उभी राहायची. टाचा जुळवलेल्या, केस पाणी लावून बसवलेले. ते कधी आणि कुणी शिकवलं कोण जाणे.

"अशी का उभी आहेस, बाळा?"

"इश मुस गान्झ फॉर्न श्टेएन, ममा." मला अगदी पुढे उभं राहावं लागतं.

"कोण म्हणतं असं?"

कुहूनं खांदे उडवले. मग उजवा हात वर करून तिनं अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक करत सरकवला. किटामध्ये मुलांना अंगठ्यापासून अख्खी बोटं मोजायला शिकवतात. वीणानं तिला पेरं कधीच शिकवली नव्हती.

जेवायला ती मागेनाशी झाली. वाढलं तर खायची. वाढायचं राहिलं तर ताटाकडे बघत गप्प बसायची. आणि वाढायचं राहत होतं. एके दिवशी वीणाचीच वरणाची पळी नवऱ्याच्या ताटावरून बाबांच्या ताटाकडे गेली, मग स्वतःच्या, आणि मग तिनं भांड्यावर झाकण ठेवलं. समोर कुहूचं कोरडं ताट होतं. वीणा न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडली.

त्या रविवारी हृषिकेशनं डिसेंबरची भारताची तिकिटं काढली.

"झालं एकदाचं," तो लॅपटॉप मिटत म्हणाला. "तीनही एका रांगेत मिळाली."

"तीन?"

"आल्झो, म्हणजे बाबा, तू, मी." तो हसला. मग वीणाच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू विरलं. सोफ्यावर त्याच्या शेजारी, त्याच्या दंडाला टेकून कुहू चित्र रंगवत होती. त्यानं मान खाली करून तिच्याकडे बघितलं आणि तो पांढराफटक पडला.

"वीणा," तो हळूच म्हणाला, "मला आठवलंच नाही गं. विसरलो असं नाही. आठवायला काही नव्हतंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी वीणानं रेगेन्सबर्गला फोन लावला. होशिनोबाई साठीच्या असाव्यात. आवाज कोरडा, पण प्रेमळ. अनुवादात एक शंका आहे, असं वीणा म्हणाली. सायोला आपण काढलंय, हे सांगायची हिंमत तिला झाली नाही.

"शेवटी सायोचं काय होतं? पुस्तकात कळत नाही."

"कारण मलाही माहीत नाही. सुटकेच्या वेळी बोटीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. आईला एवढंच आठवायचं, की धक्क्यावर ती रांगेत सगळ्यांत पुढे उभी होती. आणि मग बोट निघाली होती."

"पण आईवडील? त्यांनी कसं सोडलं तिला?"

"मी आजीला विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "माझी आजी फार मायाळू होती, फ्राऊ अभ्यंकर. ती म्हणाली, अगं, मला तर एकच मुलगी."

वीणानं फोन ठेवला. तिनं बॉलपेन घेतलं आणि डाव्या तळहातावर मुलीचं नाव लिहिलं. कुहू. त्या दिवसापासून रोज सकाळी उठल्या उठल्या ती ते गिरवायची. दोनदा असं झालं, की अक्षरं वाचून ती क्षणभर विचारात पडली.

दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ती तडक बाबांच्या खोलीत गेली. ते खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या ट्राम बघत होते. तिनं तळहात त्यांच्यासमोर धरला.

"बाबा, मी सायोला परत आणतेय. वाचनालय गेलं खड्ड्यात."

सुधीरनी तिचा तळहात दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ सोडला नाही.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "अण्णा जायच्या आदल्या दिवशी बोलले होते. पहिल्या दिवशी हाताच्या सवयीनं चूक झाली म्हणाले. मापाऱ्याचा हात तो. दुसऱ्या दिवशी जाऊन साहेबाला सांगणार होते, पण घरून तार आली होती. मुलगा झाला म्हणून. नोकरी गेली असती तर खायला काय घालणार होते?" ते थांबले. "तो मुलगा मी. त्या पगाराच्या दुधावर मी वाढलो, वीणा."

वीणाला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली.

"अण्णा म्हणाले, रोज सकाळी तिच्या डोक्यावर हात ठेवायचो तेव्हा ती वर बघायची. आज तरी ‘एक’ म्हणेल, असं तिला वाटायचं."

दोन दिवस, दोन संध्याकाळी. वीणानं सायोला चौदाच्या चौदा ठिकाणी परत आणलं. कारकुनाचा अंगठा, पेरं, तळवा, सगळं. बाबा शेजारी बसून प्रत्येक पान वाचत होते. शेवटी त्यांनीच बटण दाबलं आणि फाइल गेली. मालिनीताईंचं उत्तर आलं, ‘ही मुलगी आधी का नव्हती? पुस्तकाचा जीवच आहे ती!’ वीणा सुटकेनं हसली. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तिला झोप लागली.

सकाळी कुहू दाराशी उभी होती.

किटामध्ये तिच्या कोट अडकवायच्या खुंटीवर दुसऱ्या मुलाचं चित्र लावलेलं होतं. फ्राऊ लिंडनर वीणाकडे बघून ओळखीचं हसली. "कुणाला न्यायला आलात?"

सकाळचे साडेआठ वाजले होते.

वीणा कुहूला घेऊन घरी आली. तिनं बाबांना सगळं सांगितलं. सांगताना कुहू तिच्या कडेवर होती आणि वजन मात्र लागत नव्हतं, की तिला तसं वाटत होतं, देव जाणे.

"सायोला तर परत आणलं," ती म्हणाली. "मग आता काय राहिलं, बाबा? काय राहिलं?"

सुधीर नातीकडे बघत होते. कडेवरून उतरून ती दाराशी उभी राहिली होती, टाचा जुळवून.

"आज संध्याकाळी कंदिलांची मिरवणूक आहे ना मुलांची?"

"हो. सांक्ट मार्टिनची. पण आता कशी नेऊ तिला?"

"नेऊ. मी येतो बरोबर," ते म्हणाले. "मी बघतो काय ते."

पाच वाजता अंधारून आलं होतं. किटाच्या अंगणात ओल्या पानांचा आणि मेणाचा वास होता. मुलं कागदाचे कंदील काठ्यांना लावून चिवचिवत होती, पालक कडेला कोंडाळं करून उभे होते. हृषिकेशनं वीणाचा हात घट्ट धरला होता. मिरवणूक निघायच्या आधी फ्राऊ लिंडनरनं टाळी वाजवली आणि रांग लावली.

कुहू कुणी न सांगता पुढे गेली. सगळ्यांत पुढे. हात खाली, कंदील गुडघ्याशी.

तेव्हा सुधीर निघाले. कठडा नाही, काठी नाही. मुलांच्या रांगेच्या कडेनं सावकाश चालत गेले आणि कुहूच्या पुढे जाऊन उभे राहिले. पाठ ताठ. टोपी काढून हातात घेतली. दोन-तीन पालक कौतुकानं हसले.

वीणाला हाक मारायची होती. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. खरं सांगायचं तर तिनं तो फुटू दिला नाही.

फ्राऊ लिंडनर आली. तिचा हात म्हाताऱ्याच्या डोक्यावरून अलगद गेला, जरासा थांबला आणि खाली आला.

"आइन्स," ती म्हणाली. एक.

हात कुहूच्या डोक्यावर होता.

दोन. तीन. चार.

कुहूनं मान वर केली.

सतरा. अठरा. "अख्टत्सेन! सगळे आहेत!" फ्राऊ लिंडनर म्हणाली आणि मुलं गायला लागली.

रांग हलली. कंदील एकेक करून फाटकातून बाहेर पडले. पिवळे, लाल, एक निळा मासा. वीणा डोळ्यांत पाणी येईपर्यंत फक्त कुहूचा कंदील बघत होती. त्याच्या पुढे काय आहे, ते तिनं बघितलं नाही.

मिरवणूक संपल्यावर मुलांना डाम्बेडाई वाटले, माणसाच्या आकाराचे गोड पाव, मनुकांचे डोळे लावलेले. अठरा मुलं, अठरा पाव. कुहू आपला पाव उंच धरून धावत आली आणि "ममा, गुक माल!" बघ, बघ, म्हणत वीणाच्या पोटावर आदळली. चांगली दणकून आदळली. वीणानं तिला इतकं कवटाळलं की ती ओरडली. हृषिकेश उघड उघड रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. ट्राममध्ये कुहू दोघांच्या मध्ये बसली आणि पावाचं आधी डोकं खायचं की पाय, यावर घर येईपर्यंत वाद घालत राहिली.

सकाळी कुहूला उठवायला तीन हाका माराव्या लागल्या. मग तिनं दोन धिरडी खाल्ली आणि तिसरं मागितलं. टपालपेटीत शाळेचं पत्र होतं. हृषिकेशनं फ्रिजवर डिसेंबरची तिकिटं लावली, त्याची, वीणाची, कुहूची. तीनही एका रांगेत. वीणानं तीन ताटल्या धुतल्या, पुसल्या, ठेवल्या. किती साधी सकाळ होती ती. तळहातावर कसली तरी शाई होती, तीही साबणानं गेली.

बापलेक बाहेर पडल्यावर ती आवराआवर करायला लागली. मागच्या खोलीतल्या पलंगावर चादर चुरगळली होती. ती तिनं घडी करून ठेवली. खोलीला बामचा वास येत होता, म्हणून खिडकी उघडली. मग ती न्हाणीघर पुसायला गेली.

आरशाखालच्या फळीवर एक काचेचा ग्लास होता. त्यात पाणी, आणि पाण्यात दातांची कवळी.

वीणानं ग्लास उचलून उजेडात धरला. आधीच्या भाडेकरूंची राहिली असेल का? पण मग इतक्या वर्षांत दिसली कशी नाही? तिला जरा किळस आली. ही टाकायची कचऱ्याच्या कुठल्या डब्यात, पिवळ्या की काळ्या, याचा विचार करत ती तशीच ग्लास धरून उभी राहिली.

ग्लासच्या तळाशी कवळी धुवायची गोळी, कुणी आत्ताच टाकल्यासारखी, अजून फसफसत होती.